वाघीण, एकास सत्त्याऐंशी

रेल्वेची मॉडेलं करणाऱ्या अमेरिकन मंडळींमध्ये ‘रिव्हेट मोजणारा’ ही शिवी समजतात. म्हणजे असा माणूस, की ज्याला समोरून झोकात गाडी गेली तरी तिची मजा दिसत नाही. पत्र्यावर रिव्हेटची एक ओळ कमी आहे, तेवढंच दिसतं. मी कोथरूडला राहतो आणि ही शिवी मला तंतोतंत लागू पडते. दुसऱ्याची चूक काढण्याची हौस आमच्या भागात उपजतच असते, मला फक्त विषय हवा होता. तो पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या एक्स-२९ वर्गाच्या मालवाघिणीने पुरवला.

पेनसिल्व्हेनियाला मी गेलेलो नाही. ही वाघीण रुळावर चालताना पाहिलेली नाही, आणि आता पाहणं शक्यही नाही. ती भरात होती तेव्हा माझे वडील धुळपाटीवर अक्षरं गिरवत होते. तरीही तिच्या दाराखालची पट्टी किती रुंद होती यावरून मी एखाद्या रात्री झोप घालवू शकतो.

येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “इंजिन का नाही करत?” प्रश्न रास्त आहे. इंजिनाला नाव असतं, शिट्टी असते, चाहते असतात. वाघिणीशी आपला संबंध काय? फाटक बंद असताना स्कूटरवर एक पाय टेकून डबे मोजायचे आणि मोजदाद मध्येच चुकली की कंटाळायचं. पण १९४० च्या दशकातली अमेरिकन मालगाडी घ्या. इंजिन एक, वाघिणी साठ-सत्तर. खरेपणाच्याच मागे लागायचं तर बहुमताकडे लक्ष द्यायला नको का?

त्यात ही साठ-सत्तर मंडळी एका घरची नसतात. अमेरिकेत रेल्वे कंपन्या अनेक, पण माल वाटेत उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा नाही, अशी पद्धत. वाघीणच एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर जायची आणि तिच्या मालकाला दिवसाचं भाडं मिळायचं. त्यामुळे कॅलिफोर्नियाची वाघीण मेनच्या बर्फात उभी सापडे. म्हणजे व्हर्माँटमधली एखादी खेडवळ शाखा जरी टेबलावर मांडायची म्हटली तरी अख्ख्या खंडाच्या वाघिणी जमवाव्या लागतात. मग कोणाच्या किती? यासाठी लोकांनी जुन्या मालगाड्यांच्या कंडक्टरांच्या वह्या शोधल्या, त्यातले डब्यांचे नंबर एकेक करून उतरवले आणि टक्केवारी काढली. कंडक्टरने ती वही हिशेबापुरती लिहिलेली. आपलं अक्षर लावायला पुढे म्हातारी माणसं भिंग घेऊन बसणार आहेत, हे त्याला कळलं असतं तर त्याने जरा नीट लिहिलं असतं.

आता मापाचं. या छंदातलं सर्वांत रुळलेलं प्रमाण एचओ, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. मूळचा एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर. निम्मं माप मेट्रिक, निम्मं इंग्रजी, आणि दोघांचा संसार बरा चाललेला आहे. चाळीस फुटी वाघीण चौदा सेंटिमीटरची होते, पावणेसहा फुटी माणूस दोन सेंटिमीटरचा. एक इंच म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. वर चढण्यासाठी डब्याच्या कोपऱ्यावर लोखंडी दांड्या असतात, त्या पाऊण इंच जाडीच्या. त्या मी केसाहून थोड्या जाड तारेच्या वळवतो, सुईएवढ्या ड्रिलने भोकं पाडतो, चिमट्याने बसवतो आणि फेविक्विकचा थेंब लावतो. तार चिमट्यातून उडाली तर शोधायची नाही. फरशीवर पडलेली तार आमच्या घरात फक्त अनवाणी पायालाच सापडते.

एक्स-२९ वाघिणी १९२४ ते १९३४ या काळात बांधल्या गेल्या, तीस हजारांच्या आसपास. एवढ्या एकसारख्या म्हणजे सोपं काम, असं कोणालाही वाटेल. पण सुरुवातीच्या वाघिणींची टोकं सपाट पत्र्याची, पुढच्यांची पन्हळी. दारं बदलली. ब्रेकची यंत्रणा बदलली. शिवाय बाजूच्या पत्र्याला खालच्या कडेने गंज धरू लागला, तेव्हा कंपनीने तेवढा भाग झाकणारी ठिगळं मारली. म्हणजे “मी एक्स-२९ करतोय” असं म्हणून भागत नाही. कोणत्या तुकडीतली, आणि कधीची? ठिगळाआधीची की नंतरची?

म्हणून तारीख ठरवावी लागते. माझ्या टेबलावर कायमचा ऑक्टोबर १९४३ आहे. युद्ध चालू आहे, वाघिणी धुवायला कोणाला सवड नाही. बोगीच्या चौकटी ओतीव पोलादाच्या हव्यात, कारण पट्ट्यांना बोल्ट मारून जोडलेल्या जुन्या बोग्यांना १९४० च्या सुमारास दुसऱ्याच्या रुळांवर बंदी झाली. छपरावर फळी हवी, कारण ब्रेकमन अजून वरून चालत जातो. ती फळी नव्या डब्यांवरून गेली १९६६ नंतर. ब्रेक मात्र दोन्ही तऱ्हांचे चालतील. १९३३ पासून नव्या वाघिणींना एबी जातीचा ब्रेक आला, तरी जुना के जातीचा पुढे बरीच वर्षं तग धरून होता.

ही ब्रेकची सगळी गुंतवळ असते वाघिणीच्या पोटाखाली. सिलिंडर, हवेची टाकी, तरफा, कांड्या, नळ्या. मी त्या सगळ्या बसवतो. एकदा वाघीण रुळावर ठेवली की त्यातलं काहीही दिसत नाही. गाडी उलटली तरच दिसेल, आणि रेल्वेच्या छंदात गाडी उलटणं हे काही शुभ लक्षण नव्हे. शिकागोला असलेला माझा भाचा मध्यंतरी इलिनॉयमधल्या युनियन गावच्या रेल्वे म्युझियममध्ये गेला होता. तिथून त्याने मला एका वाघिणीच्या पोटाचे फोटो पाठवले, आणि खाली लिहिलं, “मामा, इथे लोक इंजिनाशेजारी उभं राहून फोटो काढतात. मी ओणवा होऊन डब्याखाली मोबाईल धरला होता. एका लहान मुलीने तिच्या आईला माझ्याबद्दल विचारलं.”

हाच भाचा एकदा हौसेने एक पिवळीधमक, बर्फाने माल गार ठेवणाऱ्या जातीची वाघीण घेऊन आला. बाजूवर बिअरची झकास जाहिरात. दुकानातल्या सगळ्या वाघिणींत ह्याच दिसायला देखण्या असतात, त्यामुळे भेट देणारा हमखास हीच उचलतो. अडचण एवढीच, की दुसऱ्याच्या जाहिरातीच्या डब्यात आपला माल कोण भरणार, शिवाय भाड्याच्या आडून सवलती, अशा तक्रारींवरून तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ साली असल्या वाघिणींवर गदा आणली आणि त्या दशकाच्या अखेरीपूर्वी त्या रुळांवरून गेल्या. माझ्या १९४३ मध्ये तिला प्रवेश नाही. ती शोकेसमध्ये कोंडपल्लीच्या बाहुल्यांशेजारी असते, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला तीच आवडते.

रंगाबद्दल तर भांडणं संपतच नाहीत. बहुतेक मालडबे तांबूस तपकिरी, कारण लोहभस्माचा रंग स्वस्त आणि टिकाऊ. आपण तुळशीवृंदावनाला गेरू लावतो, त्याच घराण्यातला. पण प्रत्येक कंपनीचा गेरू वेगळा. पेनसिल्व्हेनियाचा त्या काळात केशरीकडे झुकणारा होता. किती झुकणारा, यावर सत्तरी ओलांडलेल्या सज्जनांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं आहे. काळ कृष्णधवल फोटोंचा, रंग सांगणार कोण? सुदैवाने जॅक डेलानो नावाचा एक फोटोग्राफर युद्धकाळात सरकारी नोकरीत होता. १९४२-४३ च्या हिवाळ्यात त्याने शिकागोच्या यार्डांतून कोडाक्रोम फिल्मवर रंगीत चित्रं टिपली. त्याचा रोख रेल्वेच्या कामगारांवर होता, वाघिणी आपल्या मागे उभ्या. ती चित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि कोणालाही पाहता येतात. ती पाहून माझा वाद मिटला नाही, पण नरम पडला. कारण त्यात दोन वाघिणींचा तांबडा एकमेकांशी जुळत नाही. एक नुकती रंगवलेली, एक काजळीने काळवंडलेली, एकीवर सिमेंट सांडलेलं. सगळ्याच बरोबर.

रंगानंतर अक्षरं. वाघिणीच्या अंगावर तिची सगळी कुंडली लिहिलेली असते. नंबर, क्षमता, जास्तीत जास्त भार, रिकामं वजन; आणि त्या वजनाशेजारी ते कुठल्या ठाण्यावर, कोणत्या महिन्यात केलं याची नोंद. वाघीण जुनी होते, दुरुस्त्या होतात, वजन बदलतं, म्हणून ठरावीक काळाने ते पुन्हा करून नवी तारीख मारायची. ही तारीख माझ्या टेबलावर अर्ध्या मिलिमीटरची होते. ती ऑक्टोबर १९४३ च्या पुढची असली तर सगळा डाव फसला. पाण्यात भिजवून सरकवायचं ते डेकल मी भिंगाखाली बसवत होतो, तेव्हा हिने विचारलं,

“अहो, हे कोण वाचणार आहे?”

“कोणी नाही.”

“मग?”

“चुकलं असेल तर मला माहीत असेल ना!”

ही बँकेत होती. दिवसाअखेर बेरीज काही पैशांनी जुळत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत व्हाउचरं उपसत बसणाऱ्या पिढीतली. ती पुढे काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली, डेलानोचा फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “तुमच्या वाघिणींवर खडूने काहीच कसं लिहिलेलं नाही?”

खरंच होतं. यार्डातली माणसं वाघीण कुठे जायची, कुठल्या रुळावर लावायची ते पत्र्यावर खडूने खरडून ठेवत. एकावर एक, अर्धं पुसलेलं, पावसाने ओघळलेलं. तेव्हापासून ते खातं तिच्याकडे आहे. पांढऱ्या पेन्सिलीला ब्लेडने टोक काढते आणि दाराशेजारी दोन आकडे, एक फुली असं काहीतरी ओढते. तिचे आकडे फार वळणदार येतात, हे मी एकदा सुचवून पाहिलं. यार्डातला माणूस एवढ्या सुरेख अक्षराचा नसावा, म्हटलं. “एखादा असेल,” ती म्हणाली. या बाबतीत माझ्याकडे कागदोपत्री पुरावा नव्हता.

पाहुण्यांची लहान मुलं आली की मी त्यांना आमच्याच भागातल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात घेऊन जातो. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेलं ते विश्व १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे दिवे लागतात, सिग्नल पडतात, गाड्या पळतात, पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. माझ्याकडे काहीच पळत नाही. माझ्याकडे मुलांना “हात लावू नकोस” एवढंच ऐकायला मिळतं.

“आपली का नाही करत मग, भारतातली?” हा दुसरा प्रश्न, आणि तो मला जास्त लागतो. पहिली अडचण रुळांची. एचओचे बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचं माप. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला सव्वाएकोणीस लागतात. म्हणजे आपली वाघीण त्या रुळांवर ठेवली की पहिल्याच पावलाला पावणेतीन मिलिमीटरचं खोटं. रिव्हेट मोजणाऱ्याने हे गिळायचं कसं? पण रूळ हाताने करता येतात, काही जण करतातही. खरी अडचण पुढची. अमेरिकेत वाघीण बनवणारे कारखाने नव्या तुकडीचा फोटो काढून ठेवत. देशातल्या यच्चयावत मालडब्यांचे नंबर आणि मापं छापणारं जाडजूड रजिस्टर दर तीन महिन्यांनी निघे. आपल्याकडे दख्खनच्या राणीचा वाढदिवस १ जूनला केक कापून होतो, आणि तो व्हावाच. पण व्हॅक्यूम ब्रेकच्या त्या चारचाकी बंद वाघिणी, ज्यांतून आपली साखर, खत, सिमेंट, रेशनचा गहू आला, त्या भंगारात गेल्या तेव्हा किती जणांनी त्यांच्या दाराची रुंदी मोजून ठेवली?

महाराष्ट्रात वाघिणीला एकदाच मान मिळाला, तो बार्शी लाइट रेल्वेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी गेजची ती लाइन १८९७ मध्ये सुरू केली. कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्याचा हट्ट, आणि त्यातून इंजिनालाही सूट नव्हती. वाघिणी दाबीव पोलादाच्या, लीड्स फोर्जच्या. इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून त्याने सगळा सरंजाम चालवून दाखवला आणि इंग्लंडातल्या इंजिनिअरांनी येऊन तो पाहिला. आता बार्शीची लाइन ब्रॉडगेज झाली आहे. कुर्डुवाडीकडच्या कोणाच्या घरी या वाघिणीचा जवळून काढलेला एखादा फोटो असेल का, हा प्रश्न मी भेटेल त्याला विचारतो. तुम्हालाही विचारतो.

तुमच्या घरात कोणी दौंड, मनमाड, भुसावळ, मिरज अशा यार्डांत गार्ड, गुड्स क्लार्क किंवा गाडी तपासणारे असतील, तर त्यांच्या वह्या रद्दीत घालू नका. ऑफिसच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो असेल तर हार घातलेल्या साहेबांच्या मागे पाहा, बहुतेक वेळा तिथे एक वाघीण उभी असते. आणि एखाद्या स्टेशनच्या कडेला जुन्या चारचाकी वाघिणीचं गोदाम केलेलं अजून दिसलं, तर स्टेशन मास्तरांना विचारून टेप लावा. लांबी, उंची, दाराची रुंदी, टोकाच्या पट्ट्यांमधलं अंतर, आणि जमल्यास रिव्हेट. मापं कागदावर उतरवली की खाली तारीख घाला.