केसालाही धक्का न लावता

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत माणूस राहतो रशियात, त्याचा मित्र चीनमध्ये आणि दोघे चहाला भेटतात फ्रान्समध्ये. इमारतींच्या गटांना देशांची नावं दिलीत, एवढंच. व्हिसा लागत नाही. धैर्य मात्र लागतं, केस वाढवलेल्या मराठी पुरुषाला कारण विचारायला.

पहिला म्हणतो, "नवस आहे." कसला, ते सांगत नाही, तिरुपतीची वारी मात्र दरवर्षी पुढे ढकलतो. दुसरा धोनीचा दाखला देतो: २००६ साली लाहोरला खुद्द पाकिस्तानच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, मुशर्रफांनी, त्याला केस कापू नकोस म्हणून सांगितलं होतं. धोनीने २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि केस कापले. आमचा गडी अजून विश्वचषकाची वाट पाहतोय. तिसऱ्याच्या लेखी २०२० मध्ये बंद झालेली सलूनं अजून उघडलेलीच नाहीत.

चौथा तेवढा खरं बोलतो. इथल्या नळाला येतं ते समुद्राचं गोडं केलेलं पाणी. केसगळतीचं खापर सगळे त्याच्यावरच फोडतात. आजोबांना टक्कल पडलं ते गावच्या विहिरीच्या पाण्यावर, हा विषय कोणी काढत नाही. सहा जणांत एक न्हाणीघर, आणि आंघोळ झाली की हा जाळीतला गुंता बोटाने उचलून उजेडात धरतो. "आहेत तोवर वाढवून घेतो," म्हणतो.

बाकीची कारणं शोभेची. खरं कारण त्या जाळीतच अडकलेलं असतं.