हाताचा गुण

हैदराबादेतील मराठी गृहोद्यानप्रेमी, ज्यांत प्रस्तुत लेखकाचाही समावेश करावा लागतो, हा झाडांपेक्षा स्वतःच्या हाताच्या गुणाचा भक्त असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो नेच्याची, म्हणजे ओल व सावलीला चटावलेल्या बिनफुलांच्या वनस्पतीची, कुंडी आत आणून कूलरसमोर मांडतो आणि घरातील वडीलधारी मंडळी नेच्याला लागून उरलेला वारा घेतात. मृगाचा पाऊस पडला की कुंड्या पुन्हा बाल्कनीत जातात, आणि आभाळाने जे केले त्याचे श्रेय त्याच्या शेणखताला मिळते. थंडीत शेवंती फुलली की पाहुण्याला आधी बाल्कनी दाखविली जाते. चहा मागाहून येतो.

या अभिमानाचा खरा आधार मात्र मनीप्लांट हा होय. मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा हा वेल चोरून आणल्याखेरीज लागत नाही अशी दृढ समजूत असल्यामुळे, एरवी दुसऱ्याच्या पेनालाही हात न लावणारी माणसे शेजाऱ्याच्या जिन्यातून त्याचा तुकडा खुडतात, बाटलीतल्या पाण्यात ठेवतात आणि पेरापाशी पांढरी मुळे फुटली की स्वतःचीच पाठ थोपटून घेतात. वस्तुतः हा वेल कोणाच्याही हाताला लागतो. मोठ्या झाडाच्या बुंध्यावर चढला तर त्याची पाने सुपाएवढी होऊन कडांना फाटतात, तर घरात ती तळहाताएवढीच राहतात, म्हणजे दिवाणखान्यात मिरविला जाणारा मनीप्लांट हा वयातच न आलेला असतो. फूल तर त्याला जवळजवळ कधीच येत नाही, कारण त्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक, म्हणजे वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणारे द्रव्य, एका जनुकातील बिघाडामुळे त्याला पुरेसे तयार करता येत नाही, असे 2016 साली संशोधकांनी दाखवून दिले. तरीही रोज ओल्या फडक्याने पाने पुसून घेण्याचा मान त्यालाच मिळतो.

याउलट तरवड, ज्याला तेलुगूत तंगेडु म्हणतात आणि ज्याला 2014 मध्ये तेलंगणाच्या राज्यपुष्पाचा मान मिळाला, तो कुंडीत क्वचितच दिसतो. मुरमाड माळावर, कोणी तांब्याभर पाणीही न घालता, हे झुडूप पिवळ्याधमक फुलांनी लहडते. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस चालणाऱ्या बतुकम्मा उत्सवात तबकावर फुलांचे जे थर रचतात, त्यांत तरवड आणि कुरडू यांवाचून चालत नाही. परंतु शहरालगतचे असे कित्येक माळ इमारतींखाली गेले, तरवड मोळीने विकत घ्यावा लागू लागला, आणि त्याच इमारतींच्या बाल्कन्यांत आता नेचे सुखाने नांदतात, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या झाडाला आपल्यावाचून अडत नाही ते झाड या प्रेमिकाच्या नजरेत भरतच नाही. एखादा तरवड लावावा असे त्याच्या मनात येते, नाही असे नाही. पण न जोपासता फुललेल्या झाडापाशी उभे राहून पाहुण्याने नेमके कौतुक कोणाचे करावे, या प्रश्नावर ते काम अडून आहे.