स्वस्तात मरणारे

काल्पनिक युद्धखेळाच्या टेबलावर नजर आधी जाते ती ड्रॅगनकडे. पंख पसरलेला, जबडा वासलेला, पाठीवर भाला रोखून बसलेला राजपुत्र आणि खवल्याखवल्यावर तीन-तीन छटांचा रंग. समोरचा खेळाडूसुद्धा घटकाभर वैर विसरून वाकून पाहतो, फोटो काढतो, ब्रश कुठला वापरला ते विचारतो. त्याच टेबलाच्या कोपऱ्यात लांडग्यांवर बसलेले पाच गॉब्लिन असतात. एकाचा भाला वाकलेला, दुसऱ्याच्या लांडग्याला शेपटीपर्यंत रंग पोचलेलाच नाही. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. माझे म्हणणे असे की लढाई जिंकून देण्याचा संभव ड्रॅगनपेक्षा या पाच जणांकडून जास्त. आणि तेही न लढता, फक्त योग्य जागी, योग्य वेळी आणि शक्य तितक्या स्वस्तात मरून. फौज उभारणे म्हणजे शूरांची निवड करणे, हा सार्वत्रिक समज मला साफ नामंजूर आहे. मरायला कोणाला पाठवायचे हे ज्याने घरूनच ठरवून आणले, त्याला फौज उभारता आली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी दिवाळीचा किल्ला आठवावा. मातीच्या किल्ल्यावर मावळे मांडले की आपले काम संपते. पायरीवरचा मावळा भाऊबीज उलटेपर्यंत पायरीवरच पहारा देतो. इथे मांडामांड झाली की कामाला सुरुवात होते. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, त्यावर टेकड्या, झाडी, पडकी घरे. इंच मोजायची टेप आणि मूठभर फासे. खेळण्यातल्या शिपायांना नियमांनी लढवायची हौस जुनीच आहे, एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे नियमांचे पुस्तकच लिहिले. 1971 च्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तकाच्या पुरवणीत त्या शिपायांच्या शेजारी ड्रॅगन आणि जादूगार येऊन बसले. 1983 साली इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’ निघाला आणि एल्फ, ऑर्क, उंदीरमाणसे, कबरीतून उठलेले सांगाडे असे सगळे रांगा धरून एकमेकांवर चालून जाऊ लागले. बुद्धिबळात दोघांनाही तेच सोळा मोहरे मिळतात, त्यामुळे हरलेल्याला मोहऱ्यांना दोष देता येत नाही. इथे फौज ज्याने त्याने घरून बनवून आणायची असते. प्रत्येक शिपायाची किंमत पॉइंटांत छापलेली असते. दोघांनी समजा 2400 पॉइंट ठरवले, की त्यात काय बसवायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. म्हणजे पहिली चाल कागदावर पडते, आणि पुष्कळदा शेवटचीही तिथेच पडलेली असते. फक्त ते कळायला तीन तास लागतात.

आता हिशेब मांडतो. त्यासाठी ‘वॉरहॅमर’ची 2010 ची आठवी आवृत्ती धरू. एल्फांच्या फौजेत एक मोठा गरुड मिळतो, किंमत 50 पॉइंट. समोर आहे 500 पॉइंटांचे चिलखती सरदारांचे घोडदळ, ज्याच्या धडकेत भिंतही उभी राहू नये. गरुड उडतो आणि त्या घोडदळाच्या नाकासमोर तिरका होऊन उभा राहतो. सरदारांपुढे आता तीनच वाटा, आणि तिन्ही वाईट. चढाई केली तर गरुड मरतो. पण नियम असा की चढाई करणाऱ्याने समोरच्याच्या तोंडाला तोंड लावून उभे राहायचे. गरुड तिरका, म्हणून सगळे घोडदळही तिरके. आणि त्यांची उघडी पडलेली बगल नेमकी आमच्या भालाईतांसमोर. चढाई केली नाही तर पुढे सरकता येत नाही, कारण चढाईखेरीज शत्रूच्या एक इंचाच्या आत जायला बंदी आहे. तिसरी वाट गरुडाच्या हातची. घोडे उधळले की तो चक्क पळून जातो, चढाई फसते आणि सरदार मैदानाच्या मधोमध, लग्नाचा हॉल चुकल्यासारखे, उभे राहतात. खेळ सहा फेऱ्यांचा. घोडदळाची एक फेरी वाया गेली म्हणजे 500 पैकी साधारण 83 पॉइंटांचे आयुष्य गेले. तोंड फिरवून परत वाटेला लागण्यात आणखी एक फेरी गेली तर 167. पन्नासाचा पक्षी मेला आणि तिप्पट वसुली झाली. इतका परतावा दुसरी कुठलीही तुकडी देत नाही, आणि मुख्य म्हणजे या व्यवहारात गरुडाला एकही फासा टाकावा लागला नाही.

हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण या खेळावरचा पहिला आक्षेप नेहमी नशिबाचा असतो. शेवटी सगळे फाशांवर, डावपेच कसले, असे लोक म्हणतात. खरे आहे, शूरांचे सगळे फाशांवरच असते. ड्रॅगनने वार केला की तो लागला पाहिजे, मग जखम झाली पाहिजे, मग चिलखत फुटले पाहिजे. प्रत्येक पायरीवर नशीब पाय आडवा घालून बसलेले. मरणाऱ्याला मात्र फासे लागत नाहीत. ज्याच्याकडून आपली अपेक्षा फक्त मरण्याची आहे, त्याच्याइतका भरवशाचा शिपाई अख्ख्या फौजेत नसतो. तो आपल्याला निराश करण्याची शक्यताच अत्यल्प. चुकून जगला तर तो नफा समजावा.

आता ड्रॅगनचा हिशेब. आठव्या आवृत्तीत राजे-महाराजांवर फौजेच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. 2400 पॉइंटांत ते 600 होतात, आणि राजपुत्र, त्याची जादूची तलवार आणि बुडाखालचा ड्रॅगन मिळून ते सहज फस्त करतात. समोर दोन तोफा आहेत, एकेक शंभर-सव्वाशेची. गोळा लागला की सहापैकी पाच वेळा जखम होतेच, चिलखताचा उपयोग नाही, आणि एका गोळ्याने किती जखमा ते पुन्हा एका फाशावर. म्हणजे सरासरी साडेतीन. सहा जखमांत संपणारा ड्रॅगन असेल आणि दोन गोळे नीट बसले, तर त्या दोन फाशांची बेरीज सहा किंवा जास्त येण्याची शक्यता 36 मध्ये 26, म्हणजे 72 टक्के. ज्याच्या रंगकामात महिना गेला तो पहिल्याच फेरीत पेटीत जातो, आणि मालक उरलेल्या पाच फेऱ्या ‘खेळ मजेसाठी असतो’ असे पुटपुटत उभा राहतो.

यावर जाणकार माणूस इतिहास काढतो. नव्वदच्या दशकातल्या चौथ्या-पाचव्या आवृत्तीत फौजेचा निम्मा भाग वीरांवर उधळायची मुभा होती, आणि एकेक वीर जादूची शस्त्रे लेवून पलटणीच्या पलटणी कापत सुटे. खेळाडूंनी त्या काळाला ‘हीरोहॅमर’ असे नावच ठेवले. तेव्हा वीर जिंकत नव्हते काय? जिंकत होते, हे मला मान्य आहे. पण ते शौर्य वीरांचे नव्हते, दरपत्रकाचे होते. त्यांची किंमत कमी लावली गेली होती, म्हणजे पॉइंटांच्या हिशेबात तेच त्या काळचे गॉब्लिन होते. पुढे 2000 सालच्या आवृत्तीने वीरांची संख्या बांधून टाकली, 2010 च्या आवृत्तीने टक्केवारी लावली आणि फौजेचा किमान पाव हिस्सा साध्या शिपायांचा असलाच पाहिजे अशी सक्ती केली. याहून बोलका पुरावा 2015 चा आहे. त्या वर्षी कंपनीने जुने जगच बुडवले आणि ‘एज ऑफ सिग्मार’ आणला. नियम चार पानी, पॉइंट अजिबात नाहीत. एका वीराला तर अशी सवलत होती, की खेळाडूच्या मिशा प्रतिस्पर्ध्याच्या मिशांपेक्षा मोठ्या आणि रुबाबदार असतील तर हुकलेले फासे पुन्हा टाकावेत. फौज उभारण्याऐवजी मिशा राखा, असा तो काळ. वर्षभरात, 2016 मध्ये, पॉइंट परत आले. स्वस्त काय आणि महाग काय हेच ठरलेले नसेल, तर कोणाचे मरण परवडते हे कळणार कसे? आणि ते कळत नसेल तर टेबलावर उरते ते नुसते प्रदर्शन.

मग अख्खी फौज गॉब्लिनांचीच का करू नये? हा आक्षेप रास्त आहे, पण गॉब्लिनांना जवळून ओळखणारा तो घेणार नाही. ऑर्क-गॉब्लिनांच्या बहुतेक तुकड्यांसाठी दर फेरीला एकेक फासा टाकायचा. एक आला की ती तुकडी बहुधा शत्रूला सोडून आपसांत भांडत बसते. अशा चार तुकड्या असल्या तर दर फेरीला निदान एका ठिकाणी असा एक पडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त भरते. शिवाय धीराचा प्रश्न. साध्या गॉब्लिनचे धैर्य सहा. दोन फाशांवर सहा किंवा कमी येण्याची शक्यता 36 मध्ये 15. म्हणजे घाबरायची वेळ आली की तो बहुधा पळतो. इथे सेनापतीचा खरा उपयोग कळतो. बारा इंचांच्या आतल्या तुकड्यांना त्याचे धैर्य उसने मिळते, आणि त्याचे नऊ असेल तर तीच शक्यता 36 मध्ये 30 होते. म्हणजे सेनापतीने तलवार चालवण्याची फारशी गरज नसते. त्याने मागे, पण दिसेल असे, उभे राहायचे असते. नियम करणाऱ्यांना माणसाच्या स्वभावाची जाण होती याचा आणखी एक दाखला म्हणजे गॉब्लिन पळाले तर शेजारच्या ऑर्कांना काहीच वाटत नाही. धाकट्यांच्या पळापळीने मोठ्यांचे मन विचलित होऊ नये, अशी लेखी तरतूद आहे.

तेव्हा फौज एकाच प्रकारच्या माणसांची चालत नाही. कोणीतरी अडवायचे, कोणीतरी बगलेतून तोडायचे. अडवणाऱ्यांत उंदीरमाणसांच्या गुलामांना तोड नाही: एकेक दोन पॉइंटांचा, म्हणजे पन्नास जणांची खोल रांग शंभरात. आठव्या आवृत्तीचा नियम असा की हरणाऱ्याच्या मागच्या रांगा जास्त असतील तर किती दणकून हरलो याचा विचार न करता तो मूळ धैर्यावरच टिकायचा प्रयत्न करतो. त्यामुळे 500 पॉइंटांचे सरदार शंभराच्या चिखलात रुतून बसतात, आणि गुलामांचे मालक त्या गर्दीवर खुशाल गोळ्या झाडतात; आपले कोण, परके कोण, ही चौकशी होत नाही. पण सरदारांना अखेर मारायला बगलेतून कोणीतरी दणकट यावेच लागते, आणि तो महागच असतो. माझा विरोध महाग तुकडीला नाही, तिला एकटीला पाठवण्याला आहे.

मराठी वाचकाला इथे गनिमी कावा आठवल्याशिवाय राहणार नाही. हलके स्वार पुढे येतात, पाठलाग ओढवून घेतात, पळतात, पुन्हा गोळा होतात. साम्य आहे, पण ओढूनताणून अभिमान बाळगण्याइतके नाही. मराठ्यांची घोडी शत्रूची रसद तोडत, महिनोन्‌महिने त्याला दमवत, आणि स्वार जिवंत परत यावा हा त्या पद्धतीचा पायाच होता. टेबलावर रसद नाही, पावसाळा नाही, सहाव्या फेरीनंतर उद्याही नाही. म्हणूनच इथला स्वार इतक्या निर्धास्तपणे खर्ची घालता येतो. खऱ्या सेनापतीला असला हिशेब करताना झोप लागली नसती. आमचा हुतात्मा मात्र पेटीत परत जातो आणि पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच कामावर हजर होतो.

उरला सर्वांत बळकट आक्षेप, आणि त्याचा नियमांशी संबंध नाही. लोक या छंदात येतात ते ड्रॅगनसाठी. बारकाईने हिशेब करून पन्नास सारखे उंदीर मांडायला कोणी स्वप्नसृष्टीत शिरत नाही. तेवढे हिशेब कचेरीत होतातच. शिवाय पॉइंटांच्या दरपत्रकात ब्रशची मजुरी धरलेली नसते. दोन पॉइंटांच्या गुलामालाही दोन डोळे, दहा नखे आणि एक शेपूट असते, आणि असे पन्नास रंगवताना माणूस खेळावरचाच काय, जगावरचा विश्वास गमावतो. ड्रॅगन एकदाच रंगवावा लागतो. या आक्षेपाला माझ्याकडे सबंध उत्तर नाही, अर्धे आहे. ड्रॅगनवर डोळा सगळ्यांचाच असतो, शत्रूच्या तोफांचासुद्धा, आणि तोफा त्याच्यावर रिकाम्या होत असतात तेवढ्या वेळात बाकीची फौज बिनघोर पुढे सरकते. म्हणजे ड्रॅगनही आमिष म्हणून उत्तम आहे. अडचण एवढीच, की जे काम गरुड पन्नासात करतो त्याचे तो सहाशे मागतो.

म्हणून यादी खालून वर लिहावी. आधी मरणारे लिहावेत, मग त्यांच्या मरणाचा फायदा उठवणारे, मग ज्याच्या नुसत्या दिसण्याने सगळ्यांना धीर येतो तो सेनापती. एवढे झाल्यावर सहाशे पॉइंट उरले तर ड्रॅगन घ्यावा. ते कधीच उरत नाहीत. पण ड्रॅगन विकू मात्र नये. तो काचेच्या कपाटात ठेवावा, तिथे त्याला पाहुणे लागतात, तोफा लागत नाहीत.