व्याह्यांचं बंदर

डहाणूहून सुटलेली लोकल पुढच्याच स्टेशनात वाणगावला येते. त्यामुळे आम्हा वाणगावकरांना बसायला जागा मिळते आणि विरारपर्यंत वाद घालायला भरपूर वेळ. बोईसरला बाक भरतो, पालघरला कुणीतरी हातानेच 'सरका' अशी खूण करतो आणि तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. म्हणजे अर्धाच टेकतो. उरलेला अर्धा हवेत. जागा देण्याआधी 'वाढवण बंदराबद्दल तुमचं मत काय?' असं त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर अर्धी गाडी उभीच गेली असती.

डहाणूच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या या बंदराचा विषय आमच्याकडे टाळतो म्हटलं तरी टळत नाही. व्याह्यांकडे जेवायला जा, ताटात पापलेट आलं की पाठोपाठ बंदर आलंच. मुलीकडच्यांची होडी वरोरला, मुलाकडच्यांचा टेम्पो बोईसरच्या एमआयडीसीत. बंदराच्या खर्चाचा 76,220 कोटींचा आकडा ऐकून एकाच्या पोटात गोळा येतो, दुसऱ्याला नव्या ट्रकचे हप्ते फिटताना दिसतात. आवाज चढायला लागले की विहीणबाई ताटाशी येऊन उभ्या राहतात. "दादा, भात वाढू?" दादांचं तोंड भाताने भरलं की समोरच्याला दोन वाक्यं पुरी बोलता येतात, मग भात त्याच्याकडे वळतो. लोकसभेच्या अध्यक्षांनी ही पद्धत अभ्यासायला हरकत नाही.

खरी पंचाईत अशी की दोघांकडेही पुरावा भक्कम आहे आणि तो एकच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष होते. 1998 मध्ये या प्राधिकरणाने बंदराला नकार दिला. धर्माधिकारी 2019 मध्ये गेले. पुढे 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणाने होकार दिला, आणि 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बंदराची पायाभरणीही झाली. आता डब्यात एक जण 1998 चा कागद फडकावतो, दुसरा 2023 चा. दोन्ही अस्सल. तारापूरचंही तेच. "1969 मध्ये अणुवीज केंद्र आलं, तेव्हाही लोक घाबरलेच होते. आज त्याच केंद्रावर किती घरं चालतात बघ." "हो, आणि तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी-पोफरण उठवलं, त्यांना विचार की कसं चाललंय." एकच केंद्र, दोन्ही पक्षांचे साक्षीदार तिथलेच. यावर कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. उलट आकडे जितके जास्त, तितके कान बंद.

'शांतपणे बोला' असा सल्ला देणारेही डब्यात असतातच. बहुतेक विंडो सीटवर. मला हा सल्ला थोडा संशयास्पद वाटतो. शांत राहणं कुणाला परवडतं हेही पाहायला हवं. बंदर झालं काय, न झालं काय, ज्याच्या घरची चूल तशीच पेटणार त्याने आवाज खाली ठेवण्यात मोठेपणा कसला? ज्याचा दर्या जायचा आहे त्याचा आवाज वर जाणारच. 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द' ही घोषणा हळू आवाजात द्यायची म्हटली तर कशी वाटेल, ते एकदा घरी करून पाहा. मोठ्याने बोलणं म्हणजे अपमान असंही नाही. आमच्या किनाऱ्यावर तर लोक प्रेमानेही ओरडूनच बोलतात, वाऱ्यात ऐकू कसं जाणार? अपमान होतो तो समोरच्याला 'तुम्हाला काय कळतंय' म्हटलं की. मग ते कितीही गोड आवाजात म्हटलेलं असो.

याच्या उलटही एकदा पाहिलं. दागिन्यांच्या डाय घेऊन मुंबईला निघालेला चिंचणीकडचा एक कारागीर, घरची अजून होडी असलेला, आणि कारखान्यातला एक फिटर यांची केळवे रोडपर्यंत जोरात जुंपली होती. मग फिटरने दमून की काय, विचारलं, "बरं, वाढवणसमोर नक्की मिळतं तरी काय रे?" आणि कारागीर सांगत सुटला. ओहोटीला उघडे पडणारे खडक, त्यांच्या कपारीतली शेवंड, एखादी घोळ जाळ्यात आली तर घरात होणारा आनंद. पक्षाचं भाषण करताना तो इतका चांगला बोलत नव्हता. वैतरणा ओलांडल्यावर त्याने विचारलं, "आणि तुझा मुलगा काय करतो?" आयटीआय झालेला, कंत्राटावर, कायम करतील या आशेवर. बंदर आलं तर नोकऱ्या येतील, बापाचा सगळा जीव त्यात अडकलेला. विरारला दोघं उतरले ते काही गळ्यात गळे घालून नाही. एकमेकांचा निरोपही घेतला नाही, गर्दीच तशी होती.

नंतर ते पुन्हा एकाच डब्यात सापडले. कारागिराने बसता बसता विचारलं, "काय, केलं का पोराला कायम?"

"कुठलं! म्हणून तर म्हणतो, बंदर व्हायलाच पाहिजे."

"आम्ही जिवंत असेपर्यंत होऊ देणार नाही," कारागीर म्हणाला. "पण त्याचा बायोडाटा मला व्हॉट्सअॅपवर टाक. माझा भाचा तारापूरच्या केंद्रातच कंत्राटदाराकडे आहे."