कोलोनले कोनासंगे गयथी?

"मास्तरीणबाई, ऐकलं का? समोरच्यांची आंडेर फिरायला गेलती म्हणे. शिकायला पाठवली जर्मनीला, आणि ही चालली फिरायला!"

भिंतीपलीकडे काकूंनी बाजेवर जुनी साडी अंथरली होती. ज्वारीचं शिजवलेलं पीठ पाण्याच्या हातानं थापत त्या एकेक बिबडं गोल पसरवत होत्या. बोट एकदाच फिरायचं, काठ कुठे जाड राहायचा नाही. हात कामात आणि डोळे भिंतीवरून माझ्याकडे. एप्रिलच्या उन्हात सोनगीरमधल्या निम्म्या बातम्या अशाच वाळवणाच्या कडेनं फिरतात.

बातमी खरी होती, पण अर्धी. उरलेली अर्धी माझ्याकडे होती, कारण पोरीच्या आईनं ती मला गिरणीत दळण टाकताना सविस्तर सांगितली होती.

"कोनासंगे गयथी?" काकू लगेच मुद्द्यावर आल्या.

मी मुद्दाम सांगितलं नाही. एवढं आधीच सांगून टाकलं तर काकू बाकीचं ऐकायला थांबत नाहीत, हे मला वीस-बावीस वर्षांच्या शेजारानं शिकवलं आहे. म्हटलं, "आधी कुठे गेली ते तर विचारा. कोलोनला."

"ते कुठे?"

"लहानपणी ताप आला की आई कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायची ना? ते जिथलं, ते गाव. ऱ्हाईन नदीवरचं."

काकूंनी हात थांबवून जरा आदरानं पाहिलं. आमच्या पिढीला युरोपची ओळख अशी औषधाच्या बाटलीवरूनच झालेली.

पोरगी शिकते इल्मेनाऊला, म्हणजे जर्मनीच्या मध्यभागी, थुरिंगिया नावाच्या प्रांतात. ऑक्टोबरमध्ये गेली. गेली तेव्हा गावात चर्चा झाली ती तिच्या हुशारीची नाही, तिच्या बापानं परदेशातल्या खात्यात आधीच भरलेल्या पैशांची. ते सरकार विद्यार्थ्याला व्हिसा देण्याआधी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो एका खात्यात अडकवून ठेवायला लावतं. मग दर महिन्याला 992 युरो मोजून हातात पडतात. आपल्या पैशांत बारा लाखांच्या आसपास रक्कम. काकूंना हा आकडा तोंडपाठ होता, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला: "मग बापाच्या त्या बारा लाखांतून मजा?"

इथे मला पोरीची बाजू घ्यावीच लागली. तिथं महिन्याचा एक पास मिळतो, यंदा त्याचे 63 युरो पडतात. देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम सगळं त्यात. आपल्या एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना आहे, तोच प्रकार, फक्त महिनाभराचा. अट एकच, जलद गाडीत पाय ठेवायचा नाही. त्यामुळे जलद गाडीनं लवकर उरकणारा प्रवास या दोघींनी... (इथे माझी जीभ घसरलीच होती, पण काकूंचं लक्ष पिठात होतं) ...या लोकांनी गाड्या बदलत बदलत केला. सकाळी निघाले ते दुपार उलटून गेल्यावर पोहोचले. पासाचे आणि राहण्याचे पैसे तिनं बेकरीत काम करून मिळवलेले. तासाला 13.90 युरो ही तिथली यंदाची किमान मजुरी. चौदाशेच्या वर रुपये होतात. हे ऐकून काकूंनी बिबड्याचा एक गोळा साडीवर नको तेवढा मोठा टाकला.

"तासाले?"

"तासाला."

"व माय!"

गेली ती गुड फ्रायडेच्या दिवशी, 3 एप्रिलला. आदल्या दिवशीच आपली चैत्री पौर्णिमा होती. ईस्टर नेहमी 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणून यंदा वणीच्या गडाची यात्रा आणि त्यांचा सण एकाच आठवड्यात आले. काकू स्वतः चैत्रात मालेगाव, देवळा, कळवण करत पायी गडावर गेलेल्या बाई. काका घरी, पोरं घरी, आणि काकू आळीतल्या बायांसोबत रात्री कुणाच्या ओट्यावर झोपत. ही माझ्या मते सुट्टीच असते. पण मी तसं म्हटलं की काकू रागावतात. "ते देवाचं आहे," म्हणतात. असेल. पण वाटेतल्या गप्पा, फोड आलेले पाय आणि कळवणला खाल्लेली भजी यांच्याबद्दल त्या जितक्या रंगून सांगतात, तितक्या देवीच्या दर्शनाबद्दल सांगत नाहीत, हे मी ऐकलेलं आहे.

तर पोहोचल्यावर पहिली फजिती ही की दुकानं बंद. गुड फ्रायडेला तिथं बाजार बंदच असतो. स्टेशनातली दोन-चार दुकानं तेवढी उघडी आणि ती महाग. मग आईनं कुरियरनं पाठवलेला लसणाच्या चटणीचा डबा आणि पोरीनं खोलीवर स्वतः केलेल्या दशम्या नदीकाठी बसून खाल्ल्या. आईला या गोष्टीचा केवढा अभिमान! गिरणीवाल्यालाही सांगितलं. पोरगी तिथं जाऊन दशम्या करायला शिकली. इथं असताना पोळी लाटायला सांगितली की अभ्यास आठवायचा.

आणि मग ते देऊळ. म्हणजे चर्च. कोलोनच्या स्टेशनातून बाहेर आलं की समोर दुसरं काही दिसतच नाही. 157 मीटर उंच. 1248 साली बांधायला घेतलं, मध्ये पैसे आणि उत्साह संपला तेव्हा तीनशे वर्षं तसंच अर्धवट पडून होतं. शेवटी 1880 साली पुरं झालं.

"आपल्या रस्त्याच्या कामासारखं," काकू म्हणाल्या. आमच्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यानं काकूंची जन्मभर परीक्षा पाहिली आहे.

शनिवारी वर चढले. 533 पायऱ्या, गोल गोल फिरत, एका वेळी चढणारा नि उतरणारा दोघंही अंग चोरून चालतात. काकूंनी ताबडतोब गडाच्या पायऱ्यांशी ताडून पाहिलं, आणि आपल्याकडे आता 2018 पासून ट्रॉली आहे, त्यांच्याकडे नाही, याचं समाधान मानलं. पण खरी गोष्ट पायऱ्यांची नाही, वाटेत लागणाऱ्या घंटेची. त्या घंटेमुळेच समोरच्या घरात गेले आठ दिवस गोंधळ चालू आहे.

समोरचे आजोबा तांबट. सगळं आयुष्य हंडे, घंगाळं, तपेल्या ठोकण्यात गेलं. सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी लोक लांबून यायचे. आता मुलानं दुकानात स्टील ठेवलं आहे, आणि आजोबा दुपारी ओट्यावर बसून कुणाच्याही हातातल्या तांब्याला टिचकी मारून पाहतात. व्हिडिओ कॉलवर नात घंटा दाखवायला लागली. बाकीचे "छान, छान" म्हणत होते. आजोबांनी फोन हिसकावला.

"पितळ आहे का कासं?"

"कासं, आजोबा."

"काठ किती जाड?"

हे तिला माहीत नव्हतं. मग तिनं शोधून सांगितलं. घंटेचं वजन 24 टन, तोंड सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद. कास्यात चार भाग तांबं नि एक भाग कथील, तेच कथील जे आपण कल्हईला वापरतो. आजोबांनी तिथल्या तिथे हिशेब केला: एकोणीस टन तांबं. चार किलोचा हंडा धरला तर पावणेपाच हजार हंडे एका घंटेत टांगलेले.

या घंटेच्या आधी तिथं याहून मोठी घंटा होती. फ्रान्सकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ओतलेली. पहिल्या महायुद्धात, 1918 साली, ती लढाईसाठी वितळवून टाकली. मग 1923 साली ही नवी. काकूंना यात नवल वाटलं नाही. पंचवटीतली नारोशंकराची घंटा वसईच्या लढाईनंतर मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून आणली असं सांगतात, आणि काकूंनी ती गोदेच्या काठावरून पाहिलेली. धातू कधी तोफ असतो, कधी घंटा, यात त्यांच्या दृष्टीनं काही विशेष नाही. मला मात्र जरा वाटलं.

2011 साली जानेवारीत म्हणे या घंटेच्या आतला लोलकच तुटून खाली पडला. आजोबांनी यावर फक्त मान हलवली. "जोड चुकला असेल," म्हणाले. हजारो मैलांवरच्या कारागिराला त्यांनी तेवढ्यात नापास केलं.

घंटा मोठ्या सणांनाच वाजते. ईस्टरआधीच्या गुरुवारपासून चर्चच्या सगळ्या घंटा गप्प असतात, सण लागला की पुन्हा सुरू. ईस्टरला सकाळी पोरगी चौकात उभी राहिली, आपल्याकडे जेवणं उरकली होती, आणि तिनं फोन उंच धरला. आईला ऐकू आली फक्त खरखर. इतका खालचा सूर मोबाइलवर नीट ऐकू येत नाही. नात म्हणत होती, "आजोबा, पायाखाली जाणवतंय," आणि आजोबा फोन कानाला लावून "जोरात धर, जोरात धर" ओरडत होते, जणू पोरीच्या हातात घंटेचा दोर होता.

"बरं, ते सगळं ठीक," काकूंनी शेवटी परातीतलं पीठ निपटून हात धुतले. "कोनासंगे गयथी?"

"मैत्रिणीसंगे. वर्गातलीच आहे. लातूरची."

काकूंचा चेहरा पडला. एवढं ऊन खाऊन, एवढी वाट पाहून, लातूरची मैत्रीण! "खरं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फोटो पाहिला मी. नदीच्या पुलावर जोडप्यांनी कुलपं लावून किल्ल्या पाण्यात टाकलेल्या, त्या हजारो कुलपांसमोर या दोघी उभ्या राहून हसत होत्या. काकूंनी कुलपांची गोष्ट नीट ऐकून घेतली. निदान दुसऱ्या कोणीतरी काहीतरी केलं होतं.

"पण खरी बातमी पुढे आहे," मी म्हटलं. ती घंटा ओतली अपोल्डा नावाच्या गावात. पोरीच्या कॉलेजपासून ते फार लांब नाही, त्याच प्रांतात. दोन-अडीचशे वर्षं त्या गावाचा धंदा घंटांचा. 1988 साली शेवटची घंटा ओतली, आता तिथं घंटांचं संग्रहालय आहे. नातीनं हे सांगितल्यापासून आजोबांना जेवण गोड लागत नाही. ते गाव आपल्याला बघायचं आहे म्हणतात. ओतकाम करणारी माणसं अजून कोणी जिवंत असतील, त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणत्या भाषेत, ते विचारलं तर म्हणाले, घंटा वाजवून विचारीन.

"म्हातारबा जर्मनीले?"

"पासपोर्ट लागतो ना. गुरुवारी धुळ्याला जायचं चाललंय. मुलगा नाही म्हणतो, सून रडते, आणि नात तिकडून फॉर्म कसा भरायचा ते सांगते. कोणाला बोलू नका हं, काकू."

"मी कशाले बोलू," म्हणत काकू साडीचा पदर खोचून पलीकडच्या भिंतीशी गेल्या. तिकडे मोठ्या वहिनी कुरडया उलटत होत्या.