अद्भुतरसाची लातुरी विघ्ने

भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुतरसाचा स्थायीभाव, म्हणजे रसिकाच्या मनात मुळातच वस्तीला असलेली भावना, ‘विस्मय’ हा सांगितला असून, प्रेक्षकाला रसाची प्रतीती का होत नाही याची सात कारणे अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’ या टीकाग्रंथात ‘रसविघ्ने’ म्हणून नोंदवली आहेत. हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बसून लिहिणाऱ्या या आचार्याने लातूर पाहिले असण्याचा संभव नाही. तरीही 30 ऑक्टोबर 2009 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘अलादीन’ या हिंदी चित्रपटाने लातूरच्या चाहत्याचा जो अपेक्षाभंग केला, त्याची मीमांसा पहिल्या तीन विघ्नांतच आटोपते, आणि उरलेली चार पुण्यामुंबईच्या समीक्षकांसाठी शिल्लक राहतात.

सुजॉय घोष यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ‘ख्वाहिश’ नावाच्या काल्पनिक शहरातील अलादीन चॅटर्जी या अनाथ तरुणाला दिव्यातून ‘जीनियस’ नामक जिन, म्हणजे इच्छा पुरवणारा अतिमानवी सेवक, भेटतो आणि तीन इच्छा मागून आपल्याला एकदाचे मोकळे करण्याचा तगादा लावतो. जिनाची भूमिका अमिताभ बच्चन यांची, खलनायक रिंगमास्टरची संजय दत्त यांची, आणि अलादीनची भूमिका लातुरात जन्मलेल्या, बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांची होती. येथे ‘चाहता’ या संज्ञेचा स्थानिक अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. कारण इतरत्र नट आवडतो म्हणून माणूस त्याचा चाहता होतो, तर लातुरात नट आपला असतो म्हणून तो आवडावाच लागतो, आणि या कर्तव्यातून सुटका करून घेण्याची सोय कोणत्याही तिकिटावर छापलेली नसते.

सोयीसाठी दुसरे विघ्न आधी घेणे इष्ट आहे. पात्र हे पात्र न राहता ठरावीक माणसाच्या, ठरावीक स्थळकाळाच्या खुंटीला बांधले गेले की रस आटतो, असे हे विघ्न सांगते. लातुरात रितेश हे नट नंतर, आधी ‘भैया’ आहेत. वडील विलासराव हे दोनदा मुख्यमंत्री झालेले ‘साहेब’, तर थोरले बंधू अमित हे 22 ऑक्टोबर 2009 च्या निकालात लातूर शहर मतदारसंघातून निवडून आलेले आमदार, म्हणजे निकाल आणि चित्रपट यांत अवघ्या आठ दिवसांचे अंतर. कपाळावरचा गुलाल पुरता न निघालेल्या प्रेक्षकाला पडद्यावर भैया अनाथ असल्याचे सांगितले जाते, त्याचे आडनाव चॅटर्जी निघते, आणि कासीम नावाचा दांडगट त्याला लहानपणापासून छळत असता गल्लीतले कोणीही मध्ये पडत नाही. वास्तविक हा प्रसंग लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत घडता तर सोळा रस्त्यांवरची दुकाने टाकून माणसे धावून आली असती. त्यात भर म्हणजे नायक आपला असूनही चमत्कार सगळे अमिताभच्या वाट्याला आल्याने, शिट्टी नेमकी कोणाला वाजवावी हा नैतिक पेच थिएटरात अखेरपर्यंत सुटत नाही.

तिसरे विघ्न म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतलेला असणे. जिन तीन इच्छा विचारतो त्या क्षणी लातूरचा प्रेक्षक कथेतून उठून हिशेबाला बसतो: पहिली इच्छा पाण्याची, कारण घरच्या नळाला पाणी कधी येईल हे सांगणे जिनालाही अवघड, दुसरी सोयाबीन आणि तुरीच्या भावाची, तिसरी थोरल्याच्या मेडिकलच्या प्रवेशाची, कारण ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे पहाटेपासूनच्या शिकवण्या आणि अखंड सराव परीक्षा यांच्या बळावर गुणवत्ता यादी गाठण्याची पद्धत, खर्चिक आहे आणि जिन फुकट आहे. अशा काटेकोर नियोजनानंतर अलादीन जेव्हा जस्मीन नावाच्या मुलीचे मन जिंकण्याच्या मागे लागतो, तेव्हा प्रेक्षकाच्या तोंडून जो उद्गार निघतो तो विस्मयाचा नसतो.

पहिले विघ्न मात्र सर्वांत गंभीर आहे. त्याचे नाव ‘संभावनाविरह’, म्हणजे समोरचे घडूच शकत नाही असे वाटणे. आणि यावर अभिनवगुप्ताचा उतारा असा की लोकोत्तर कृत्ये रामासारख्या ख्यातकीर्त पुरुषाकडून घडवावीत, म्हणजे लोकांच्या मनात आधीच रुजलेली श्रद्धा उरलेले काम करते. लातूरशेजारच्या नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरच्या तालुक्यांना हे शास्त्र तेलुगूच्या शेजारामुळे सहज उमजावे, कारण 1957 च्या ‘मायाबाजार’ या तेलुगू चित्रपटात घटोत्कच मायेने हवे ते रूप घेतो तेव्हा ते कसे, असे कोणी विचारत नाही, घटोत्कचाचा तो पिढीजात धंदाच आहे. अलादीनची गोष्ट मात्र आंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराने 1709 मध्ये हन्ना दियाब या अलेप्पोच्या माणसाकडून ऐकली, मूळ कथेत ती चीनमध्ये घडते, आणि चित्रपटात ती ज्या ख्वाहिशमध्ये आणून ठेवली आहे तेथे ना शिवार आहे, ना आठवडी बाजार, ना कोणाचे कुलदैवत. जमीनच नसल्यावर चमत्कार उगवायचा कशात?

याचा पडताळा 11 जुलै 2014 रोजी मिळाला. त्या दिवशी प्रदर्शित झालेल्या, निशिकांत कामत यांच्या ‘लय भारी’ या मराठी चित्रपटात आई विठ्ठलाला नवस बोलते, जुळ्यांपैकी एक पंढरीत वाढतो, दुसरा मारला जातो, आणि ‘माउली’ नावाचा भैया सूड उगवायला येतो. तर्काच्या तराजूत ही कथा दिव्यातल्या जिनाहून तसूभरही जड नाही. पण विटेवर उभ्या असलेल्याचा हवाला मिळताच, 2009 मध्ये शंका काढणाऱ्यांनी 2014 मध्ये एकही शंका काढली नाही.

तेव्हा निष्कर्ष असा की अद्भुताचा दोष त्याच्या अतिरेकात नसून परकेपणात असतो, आणि चाहत्याची निराशा ही भक्तीचीच थकबाकी असते. ‘अलादीन’ तिकीटबारीवर पडला म्हणून लातूरने भैयाला टाकले नाही, फक्त त्या चित्रपटाचा विषय काढणे थांबवले. राहिली गोष्ट पहिल्या इच्छेची. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली, दहा वाघिणींची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, आणि तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते.