भोपळ्यासह सविनय सादर

माननीय, कार्यसम्राट, विकासपुरुष, जनतेच्या गळ्यातील ताईत इ. इ. आमदारसाहेब यांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार वि. वि.

वर आपले नाव, मतदारसंघ आणि पक्ष लिहिलेला नाही, त्याबद्दल क्षमा असावी. नाव घातले असते तर बाकीच्या साहेबांना वाईट वाटले असते, आपल्याला का वगळले म्हणून. पक्षाचे म्हणाल, तर टपालाला तीन दिवस लागतात. उगाच खाडाखोड नको.

पत्रास कारण की, मी आपली अतिशय ऋणी आहे. या ऋणाची परतफेड म्हणून सोबत एक भोपळा पाठवत आहे. त्याचा इतिहास कळावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पूर्वी मी बातम्या बघत असे. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाले, वेळ होता. 23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी चहाचे आधण ठेवून टीव्ही लावला, तर पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठलेली आणि शपथविधीही उरकलेला. चहा उतू गेला. पुढे 2022 च्या जूनमध्ये सुरत, गुवाहाटी, गोवा अशी यात्रा आम्ही दोघांनी सोफ्यावरून पार पाडली. आमचे हे तर टीव्हीशी भांडायचे, मग रक्तदाबाची गोळी घ्यायचे, मग पुन्हा भांडायचे.

आणि मग आपण, ज्यांच्यासाठी मी भर उन्हात पाऊण तास रांगेत उभी होते ते आपण, समोरच्या बाकावर जाऊन बसलात. मी उठले, टीव्हीची वायर काढली आणि सोसायटीच्या चेअरमनकडून गच्चीची किल्ली मागून आणली. आपण जागच्या जागी राहिला असतात, तर दोडका आणि घोसाळे यांच्या वेली मला आजही वेगळ्या ओळखता आल्या नसत्या. केवढे हे उपकार!

पहिला वाफाही आपल्याच कृपेने झाला. दहा फूट बाय तीन फूट, कडेने विटा. स्लॅब गळू नये म्हणून खाली काहीतरी अंथरायला हवे होते. आपल्या वाढदिवसाचा उतरवलेला फ्लेक्स घातला, तरी पाणी झिरपले. त्यावर दुसऱ्या पक्षाच्या वेळचा घातला, तरी थोडे झिरपले. तिसऱ्या पक्षाचा घातल्यावर एक थेंब खाली जाईना. तिन्हींवर आपला तोच हसरा चेहरा, तेच जोडलेले हात. फक्त मागचा रंग वेगळा. भाचा म्हणतो, खाण्याच्या भाज्यांखाली असले प्लास्टिक बरे नव्हे. मी म्हटले, साहेबांच्या सहवासाचे परिणाम आपण आजवर सोसलेच आहेत.

त्यावर रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडे, मग पालापाचोळा, मग घरच्या ओल्या कचऱ्याचे खत. कचऱ्याचे खत व्हायला अडीच-तीन महिने लागतात. आश्वासनाचे काही होत नाही, ते तसेच राहते, हा फरक त्या निमित्ताने लक्षात आला.

वांग्याचे रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावले की दोन-तीन दिवस मान टाकते. संध्याकाळी लावावे, सावली करावी, बेताने पाणी द्यावे, मुळांभोवतीची जुनी माती सुटू देऊ नये. एवढे करूनही काही रोपे जातात. आपण मात्र भर दुपारी, कॅमेऱ्यांसमोर, एकीकडून उपटून दुसरीकडे लागलात आणि त्याच संध्याकाळी टवटवीत होऊन मुलाखत दिलीत. कृषी विद्यापीठांनी आपला अभ्यास करायला हवा. माझा आपला एक अडाणी संशय: मुळेच नसली की ती दुखावतही नसावीत.

कायद्याचेही ज्ञान आपल्यामुळेच वाढले. पक्षांतराला आळा घालणारे दहावे परिशिष्ट 1985 साली आले. एक-तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती फूट मानायची, ही त्यातली सवलत 2003 मध्ये काढून टाकली. दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी उरली. म्हणजे एकट्याने कुंपणावरून उडी मारली तर चोरी, गठ्ठ्याने मारली तर धोरण. मी गेल्या पावसाळ्यात आंब्याची तीन पाचर कलमे बांधली, त्यातले एक जगले. आपल्यावर लावलेले एकही जगले नाही. तेव्हा माझा निकाल बराच बरा म्हणायचा.

निकालावरून आठवले. 10 जानेवारी 2024 रोजी विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेचा निकाल वाचायला घेतला, तेव्हा शेजारच्या काकूंचा टीव्ही मोठ्याने चालू होता आणि मी गच्चीवर मेथी निवडत होते. मेथी निवडून झाली, धुऊन झाली, फोडणीला पडली, तरी वाचन चालूच. शेवटी कळले की दोन्ही बाजूंचे सगळेच पात्र! म्हणजे त्या सबंध प्रकरणात अपात्र ठरला तो मतदारच. भाजी मात्र छान झाली होती.

आता भोपळ्याकडे येते. भोपळ्याची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीच दिसतो, त्यावरून ओळखायचे. दोन्ही पहाटे उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. आमच्या पाचव्या मजल्यावर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत. म्हणून मी उजाडताच जाते, नर फूल खुडते, त्याच्या पाकळ्या मागे सारते आणि पराग मादी फुलाला हाताने लावते. कोणी बघत नसते. आपण काहीतरी गुपचूप उरकतो आहोत असे वाटते. जमले तर फळ धरते, नाही तर इवला भोपळा पिवळा पडून तीन-चार दिवसांत गळतो. त्या पहाटेच्या सरकारला मी तेव्हा खूप हसले होते. तेही चौथ्या दिवशी गळाले. पण माझी पहिली चार फुले तशीच गळाल्यावर हसू ओसरले. पहाटेची गाठ जुळवणे सोपे नसते, साहेब. मधमाशीचे काम माणसाने करू गेले की असेच होते.

जीवामृताचे माप शेतकऱ्याचे असते: 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. मी त्याचा विसावा भाग करते. अर्धा किलो शेण गोठ्यावरून पिशवीत घालून आणत होते, तर वाटेत आपली सभा. पोलिसाने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाला, “काकू, हे आत नेता येणार नाही.” मला आत जायचेच नव्हते. पण नियम पटला. आत पुरेसे असताना बाहेरून कशाला आणायचे!

माव्याचे एक सांगायचे राहिले. हा इवलासा किडा वालाच्या कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात. नुसत्या येत नाहीत, माव्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. तीन वर्षे आपल्या कार्यालयाबाहेर ठेकेदारांच्या गाड्या ओळीने उभ्या पाहत होते, अर्थ लागत नव्हता. वालाने लावून दिला.

गाजरगवताचेही तसेच. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले आणि 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा डोळ्यांत भरले, असे म्हणतात. लोक त्याला एका पक्षाच्या नावाने ओळखतात, पण ते सगळ्याच पक्षांच्या वॉर्डांत सारखेच माजते. मी फुलावर येण्याआधी उपटते. फुलावर आल्यावर उपटले तर बी सांडते आणि पुढच्या निवडणुकीला, चुकले, पुढच्या पावसाळ्याला दुप्पट उगवते.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, बाई सुखात आहे, बरी सुटली माझ्या तावडीतून. मलाही तसेच वाटत होते. उत्साहाच्या भरात निफाडच्या धाकट्या जावेला फोन केला, म्हटले, गच्चीवर कांदा लावला, चाळीस निघाले, आता तुमचे राजकारण तुम्हाला लखलाभ. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “ताई, तुम्हाला परवडतं रुसायला. पेन्शन आहे.” तिच्या चाळीत कांदा भरलेला होता. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क आले, 8 डिसेंबरला बंदीच आली, ती मे 2024 मध्ये उठली. भाव दिल्लीत ठरतो आणि लासलगावात पडतो. तिने टीव्हीची वायर काढली तरी बंदी तिच्या चाळीत शिरणारच. चाळीस कांद्यांचे स्वावलंबन मी त्या दिवशी मुकाट्याने पिशवीत भरून ठेवले.

खरा हिशेब सांगते, गंमत बाजूला ठेवून. चांगल्या आठवड्यात गच्ची आम्हा दोघांना साडेतीन दिवसांची भाजी देते. तांदूळ, डाळ, तेल, गॅस सगळे बाहेरून. आणि पाणी? ते नळाचे, दिवसाआड. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत निवडणूकच नव्हती. जवळजवळ चार वर्षे प्रशासक. नगरसेवक नाही, तक्रार करायला आपणच. आपण व्यग्र होतात. त्या काळातल्या एका उन्हाळ्यात मी कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी बादलीने पाच मजले चढवून वाफ्याला घालत होते. आपल्यापासून दूर जायला निघाले आणि प्रत्येक बादलीला आपली आठवण येऊ लागली.

सूर्य तरी आपल्या अखत्यारीत नसेल, ही माझी भाबडी समजूत. आमच्या पश्चिमेला चौदा मजले उभे राहिले. भूमिपूजनाच्या फलकावर आपले हात जोडलेलेच आहेत. आता दुपारी दीडनंतर वाफ्यावर सावली. टोमॅटोला निदान सहा तास ऊन लागते. टोमॅटो बंद केले. अळू लावला, तो सावलीत येतो. आता अळूवड्या करते, आपली आठवण काढत काढत.

आणि परवा आपला कार्यकर्ता आला. पोरगा मोठा गोड आहे. म्हणाला, “काकू, साहेबांना बाग फार आवडली. एक पाटी लावू या?” पाटीचा मजकूर त्याच्या मोबाइलमध्ये तयार होता: ‘परसबाग. संकल्पना: माननीय आमदारसाहेब. स्थानिक विकास निधीतून.’ मी विचारले, निधी किती? तो म्हणाला, “काकू, निधीचं नंतर बघू. आधी पाटी.”

पाटी नको, साहेब. आपण तीन थरांत वाफ्याखाली आहातच.

सोबतचा भोपळा साडेचार किलोचा आहे. चार बोटे देठ ठेवून काढला आहे. कोरड्या जागी ठेवलात तर चार महिने सहज टिकेल, म्हणजे आपल्या काही निष्ठांहून जास्तच. वहिनीसाहेबांना घारगे करायला सांगावेत.

पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहायची रीत आहे. आपल्या बाबतीत तसे सुचवावे लागत नाही.

आपली,
मतदार यादीतील एक नाव

ता. क. भोपळा कापल्यावर बिया टाकून देऊ नयेत, धुऊन परत पाठवाव्यात. गावठी आहेत, जावेने दिलेल्या. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना अशीच बियाणी जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. आम्हाला तेवढी हाव नाही. आमच्याकडे बी कायमचे देत नाहीत, पेरायला देतात आणि पीक आल्यावर परत मागतात. आपण विसराल याची खात्री असल्याने मी आमच्या भोपळ्यातल्या बिया राखेत घोळून डबीत भरून ठेवल्या आहेत. झाकणावर साल घातले आहे, 2029.